आधी परिच्छेद, मग निबंध : ऑनलाइन लेखनवर्गाचे माहितीपत्रक

आमचा वर्ग दहा आठवड्यांचा आहे आणि त्यातल्या पहिल्या पाच आठवड्यांत निबंध लिहायचा नसतो. आठवड्याला दोन परिच्छेद, प्रत्येकी 90 ते 130 शब्दांचे, एवढेच काम असते. चौकशी करणारे बरेच जण इथेच थबकतात. परिच्छेद तर शाळेतच झाले, थेट प्रबंधाच्या प्रकरणावर काम करता येणार नाही का, असे विचारतात. या पत्रकाचा मोठा भाग त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. तारखा आणि शुल्क स्वतंत्र कागदावर दिले आहे.

वर्ग मराठीतून अभ्यासाचे लेखन करणाऱ्यांसाठी आहे. कुणाला एम.ए.चे स्वाध्याय आणि लघुप्रबंध लिहायचे असतात, कुणाला पीएच.डी.चा आराखडा, कुणाला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतला निबंधाचा पेपर. कथा, ललितलेख, भाषण यांपैकी काही शिकायचे असेल तर हा वर्ग उपयोगाचा नाही.

शाळेतला निबंध कुठे अडतो

'मी पक्षी झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'पावसाळ्यातील एक दिवस' हे निबंध आपण सगळ्यांनीच लिहिले आहेत. त्यांत गुण मिळायचे ते कल्पनेला आणि भाषेच्या फुलोऱ्याला. आरंभी कवितेची ओळ आणि शेवटी सुभाषित असले की बाई खूश. त्या प्रकाराचे स्वतःचे काम आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण अभ्यासलेखनात वाचणारा माणूस प्रत्येक वाक्यापाशी 'कशावरून?' असे विचारत असतो, आणि सुभाषित त्याला उत्तर देत नाही. दहा-बारा वर्षांची ही सवय पूर्ण निबंध लिहायला घेतला की आपोआप वर येते. शंभर शब्दांच्या परिच्छेदात तिला लपायला जागा नसते. परिच्छेदापासून सुरुवात करण्याचे पहिले कारण हे.

एकच परिच्छेद, दोनदा

विषय धरू: रोजगार हमी. पहिल्या आठवड्यात साधारण असा परिच्छेद येतो:

"आजच्या धकाधकीच्या युगात रोजगार हा अत्यंत ज्वलंत प्रश्न बनला आहे. भारत हा कृषिप्रधान देश आहे. 1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. लोकांचे अतोनात हाल झाले. तेव्हा रोजगार हमी योजना सुरू झाली. ही योजना खूप महत्त्वाची ठरली. पुढे केंद्र सरकारनेही असा कायदा केला. म्हणून महाराष्ट्र हे देशाला दिशा देणारे राज्य आहे."

यात शुद्धलेखनाची चूक नाही आणि खोटेही काही नाही. तरी आठ वाक्यांत पाच विषय आहेत: बेरोजगारी, शेती, दुष्काळ, योजना, राज्याचा मोठेपणा. वाक्यांचा क्रम बदलून पाहा, फारसे बिघडत नाही. क्रम बदलून बिघडत नसेल तर वाक्ये एकमेकांवर उभी नाहीत, नुसती शेजारी ठेवलेली आहेत. शेवटचे 'म्हणून' तर कशाचाच आधार न घेता आले आहे. 'खूप महत्त्वाची' हे शब्दही काही सांगत नाहीत. कुणासाठी महत्त्वाची, कशाच्या तुलनेत?

आता तोच विषय, पण एका दाव्याभोवती बांधलेला:

"रोजगार हमीचा हक्क महाराष्ट्राने व्यक्तीला दिला होता, केंद्राने तो कुटुंबाला दिला. 1977 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणारी कोणतीही प्रौढ व्यक्ती हक्कदार होती आणि वर्षात किती दिवस काम मिळेल याला वरची मर्यादा नव्हती. 2005 च्या केंद्रीय कायद्याने कुटुंब हे एकक धरले आणि प्रत्येक कुटुंबाला आर्थिक वर्षात किमान 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. या बदलाचा भार मोठ्या घरांवर पडला: चार प्रौढ माणसे काम मागणारी असली, तर हमीचे दिवस माणशी 25 वर येत. त्यामुळे केंद्राचा कायदा हा महाराष्ट्राच्या कायद्याचा विस्तार होता असे म्हणताना तो प्रदेशाचा विस्तार होता, हक्काचा नव्हता, हे नोंदवावे लागते."

हे 92 शब्द आहेत. कंसात दोन्ही कायद्यांची कलमे आणि संदर्भ घातले की शंभरी ओलांडेल. यातल्या चार भागांना आम्ही वर्गात दावा, पुरावा, उकल आणि जोड म्हणतो. पहिले वाक्य दावा आहे. त्याच्याशी कुणी वाद घालू शकतो, हीच दाव्याची खूण. '1977 साली कायदा झाला' यावर वाद होऊ शकत नाही, म्हणून ते वाक्य पुरावा होईल, दावा नाही. दुसरे आणि तिसरे वाक्य पुरावा. माणशी 25 दिवसांचा हिशेब म्हणजे उकल, आणि शेवटचे वाक्य परिच्छेदाला पुऱ्या निबंधातल्या वादाशी जोडते.

चारांपैकी सर्वांत जास्त गळते ती उकल. पुरावा मांडला की लिहिणाऱ्याला तो स्वयंस्पष्ट वाटतो, कारण त्याने त्या विषयावर चार पुस्तके वाचलेली असतात. वाचणाऱ्याने वाचलेली नसतात. '100 दिवस' हा आकडा तसाच सोडला असता, तर कुणी तो कमी मानला असता, कुणी भरपूर. चाराने भागल्यावर त्याचा अर्थ लागतो. म्हणून तपासताना एक ठोकताळा धरा: पुराव्याला जितके शब्द दिले, साधारण त्याच्या निम्मे तरी उकलीला मिळाले पाहिजेत. लिहिताना मात्र शब्द मोजत बसू नका, हात आखडतो.

उलट दोषही असतो. काही जण, विशेषतः साहित्याचे विद्यार्थी, पुराव्याआधीच उकल करू लागतात आणि कवितेच्या एका ओळीवर दोन पाने लिहून जातात. त्यांना आम्ही आधी ओळ उतरवायला लावतो.

मराठीचे म्हणून काही

'असे म्हटले जाते', 'असे मानले जाते' ही वाक्ये आली की समासात आमचा शेरा ठरलेला: कोण म्हणते? नाव असेल तर लिहा, नसेल तर वाक्य काढा. इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून घेतला की 'च्या द्वारे', 'च्या माध्यमातून', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' यांची गर्दी होते. 'सरकारद्वारे योजना राबवली गेली' याऐवजी 'सरकारने योजना राबवली' हे सरळ मराठी आहे, आणि त्यात कर्ता लपत नाही.

दुसरी लागण 'तसेच'ची. 'तसेच' फक्त भर घालते. दोन वाक्यांत विरोध आहे, कारण आहे की परिणाम आहे, हे ते सांगत नाही. एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त 'तसेच' आले, तर बहुधा तिथे दोन परिच्छेद एकत्र कोंबलेले असतात. विरोध असेल तर 'मात्र' वापरा, आणि ते ज्याला वेगळे काढायचे त्या शब्दानंतर ठेवा. 'मात्र केंद्राने' आणि 'केंद्राने मात्र' यांत फरक आहे. पहिल्यात पूर्ण वाक्याला वळण मिळते, दुसऱ्यात केंद्र इतरांपासून वेगळे पडते.

परिभाषेत एकवाक्यता ठेवा. हायपॉथेसिससाठी कुणी गृहीतक लिहितात, कुणी अभ्युपगम, कुणी परिकल्पना. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहून एक शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. शाळेत 'तोच शब्द पुन्हा नको' असे शिकवतात. इथे शब्द बदलला की वाचणाऱ्याला संकल्पनाही बदलली असे वाटते.

शुद्धलेखनात वारंवार सापडणारे शब्द: महत्त्व आणि तत्त्व (दोन्हींत त दोनदा), तज्ज्ञ, पद्धत, शैक्षणिक. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांचा शेवट ऱ्हस्व. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहायचे: 'कायद्यामुळे', 'कायद्या मुळे' नव्हे. याचा शब्दसंख्येशीही संबंध आहे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. इंग्रजी नमुन्यांवरून घेतलेली शब्दमर्यादा मराठीत गाठायला गेलात, तर पाणी घालावे लागते.

उसने घेतलेले

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. 40 ते 60 टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे यांत धरत नाहीत. योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळले जातात. काही जण याचा अर्थ असा लावतात की दर 13 शब्दांनी एक शब्द बदलला की झाले. तसे नाही. विचार दुसऱ्याचा असेल तर सगळे शब्द बदलूनही श्रेय द्यावेच लागते. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर नाव न देता वापरणे हीदेखील उचलेगिरीच. सॉफ्टवेअरला ती सापडेलच असे नाही, पण विषय जाणणाऱ्या परीक्षकाला सापडते.

टिपण काढतानाच खबरदारी घेतली तर हा प्रश्न उद्भवत नाही. उतरवलेले शब्द अवतरणचिन्हांत ठेवा, स्वतःचे शब्द चिन्हांविना, आणि प्रत्येक नोंदीपुढे पृष्ठक्रमांक त्याच वेळी लिहा. तीन महिन्यांनी पान शोधायला पुस्तक ग्रंथालयात असेलच याची खात्री नसते. मराठी विश्वकोश आणि शोधगंगा या ऑनलाइन प्रबंध-संग्रहातले प्रबंध घरबसल्या, विनामूल्य वाचता येतात. विषयात शिरायला विश्वकोश उत्तम, पण वादाच्या मुद्द्यावर त्याच्या नोंदीवर थांबू नका, मूळ साधनापर्यंत जा.

सहाव्या आठवड्यापासून

एक हजार शब्दांचा निबंध म्हणजे सात-आठ परिच्छेद. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, तुमची भूमिका आणि कशाबद्दल लिहिणार नाही ते सांगायचे. 'प्राचीन काळापासून' ही सुरुवात आम्ही न वाचताच परत पाठवतो. निदान एक परिच्छेद विरुद्ध मताला द्यायचा, आणि ते मत त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे. कमकुवत विरोधक उभा करून पाडण्यात काही हाती लागत नाही.

रचना तपासायला एकच युक्ती पुरते: सगळ्या परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये एका कागदावर उतरवा आणि सलग वाचा. वाद समजला तर रचना ठीक. जिथे उडी जाणवेल, तिथे परिच्छेद हरवला आहे किंवा जागा चुकली आहे.

परीक्षार्थींसाठी वेळेचे गणित वेगळे असते. संघ लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्द आणि 125 गुण. राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे आणि तिथेही निबंधाचा पेपर 250 गुणांचा आहे. एका निबंधाला 90 मिनिटे मिळतात. 15 मिनिटे आराखडा, 65 लेखन, 10 वाचन अशी विभागणी केली, तर मिनिटाला सुमारे 17 शब्द हाताने लिहावे लागतात. नेहमी कीबोर्डवर लिहिणाऱ्यांची बोटे तिसऱ्या पानावर दुखू लागतात, म्हणून या गटाला आम्ही सातव्या आठवड्यापासून कागदावरच लिहायला लावतो.

वर्ग कसा चालतो

एका तुकडीत बारा जण. शनिवारी सकाळी 75 मिनिटांची भेट, त्यातली 25 मिनिटे कॅमेरे बंद करून प्रत्येकाने आपापल्या गूगल डॉक्समध्ये लिहायचे. पैसे भरून गप्प बसायचे, हे काहींना विचित्र वाटते. पण घरी लिहिताना जिथे अडते तिथे माणूस उठतो, किंवा कुठून तरी मजकूर आणून चिकटवतो. इथे अडलेली जागा आम्हाला दिसते आणि तिथेच बोलता येते. तयार मजकूर लिहून देणारी यंत्रे वापरल्याचेही दस्तऐवजाच्या इतिहासात बहुधा कळते, कारण 120 शब्द एका क्षणात अवतरतात. आम्ही त्यासाठी कुणाला काढून टाकत नाही, मात्र तो परिच्छेद तपासत नाही.

गृहपाठ बुधवारी रात्री दहापर्यंत, तपासून शुक्रवारी परत. पहिल्या तपासणीत फक्त वादाकडे पाहतो, ऱ्हस्व-दीर्घाला हात लावत नाही. दोन्ही एकदम दाखवले तर लोक वेलांट्या नीट करतात आणि पोकळ दावा तसाच परत येतो. भाषेची तपासणी दुसऱ्या खेपेला.

ऐकायला मोबाइल चालेल, लिहायला नाही. लहान पडद्यावर समासातले शेरे नजरेतून सुटतात आणि पुऱ्या परिच्छेदाचा आकार दिसत नाही. टंकलेखन युनिकोडमध्येच हवे, इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कोणताही कळफलक चालेल. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो, त्यात शब्द शोधता येत नाही. त्यामुळे आधीचे लेखन जुन्या फाँटमध्ये असेल तर रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासा, रूपांतरात हमखास तेच बिघडतात.

पहिल्या शनिवारच्या तीन दिवस आधी आम्हाला पाठवा: स्वतःच्या अभ्यासविषयावरचा सुमारे शंभर शब्दांचा एक परिच्छेद, आणि त्यासाठी वापरलेली दोन साधने पृष्ठक्रमांकांसह. परिच्छेद कुणाकडून सुधारून घेऊ नका. हाताने लिहिला असेल तर दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, पूर्ण पान एकाच छायाचित्रात येईल असे पाहा.