नॉर्थम्बरलँड : भेटीचा ऋतू

नॉर्थम्बरलँड ही इंग्लंडची सर्वांत उत्तरेकडची काउंटी. वर स्कॉटलंड, पूर्वेला उत्तर समुद्र. इथे कधी जावे हे ठरवताना खरा पेच पडतो, कारण समुद्रपक्षी आणि काळोखे आकाश ही इथली दोन मोठी वैभवे एकाच फेरीत पुरेपूर पाहता येत नाहीत.

पक्ष्यांसाठी मेअखेर ते जुलैचा मध्य हा काळ उत्तम. सीहाउसेस बंदरातून होड्या फार्न बेटांकडे जातात. २०२४ च्या मोजणीत तिथे पफिन या रंगीत चोचीच्या छोट्या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ५०,००० जोड्या आढळल्या. जमिनीतल्या बिळात पिल्लू आणि चोचीत आडव्या धरलेल्या चिमुकल्या मासळ्या, हे दृश्य एवढ्या जवळून फार थोड्या ठिकाणी दिसते. आर्क्टिक सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी मात्र घरट्याजवळ आलेल्याच्या डोक्यावर चोच मारतात, म्हणून टोपी हवीच. ऑगस्ट उजाडेपर्यंत पफिन समुद्रावर निघून जातात. जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा असतो.

पण त्याच दिवसांत तारे हरवतात. साधारण ५५ अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य क्षितिजाखाली पुरेसा उतरत नाही आणि मध्यरात्रीही आकाशात उजेड रेंगाळतो. राष्ट्रीय उद्यान व कील्डरचे जंगल मिळून २०१३ मध्ये घोषित झालेले अंधार-आकाश उद्यान, म्हणजे कृत्रिम दिव्यांच्या उजेडापासून जपलेला प्रदेश, पाहायचा तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. तेव्हा आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. हिवाळ्याच्या तोंडावर फार्न बेटांवर करड्या सीलची पांढरी पिल्लेही जन्मतात. डिसेंबरचा दिवस मात्र जेमतेम सात तासांचा.

मधले ऋतूही रिकामे नाहीत. एप्रिलअखेरीस ॲनिक गावातल्या बागेत ताइहाकू जातीची तीनशेहून अधिक चेरीची झाडे पांढरी होतात. ऑगस्टमध्ये सायमनसाइडचे डोंगर हेदर या रानझुडपाच्या फुलांनी जांभळे होतात. शाळांच्या सुट्ट्यांमुळे तेव्हा गर्दी सर्वाधिक असते.

आपल्यासारखा ठरलेला पावसाळा तिथे नाही. पश्चिमेकडून येणारा पाऊस पेनाइन डोंगर बराचसा अडवतात. सह्याद्रीमागच्या देशाप्रमाणे इथला किनाराही त्यामुळे तुलनेने कोरडा राहतो. वसंत आणि उन्हाळ्यात अडचण असते ती समुद्री धुक्याची. पूर्वेचा वारा थंड पाण्यावरून ते आत ढकलतो आणि किनारा झाकोळतो. अशा दिवशी थोडे आत, हेड्रियनच्या भिंतीकडे (प्राचीन रोमन तटबंदीकडे) वळावे. तिथे बऱ्याचदा लख्ख ऊन असते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने जूनचा पहिला पंधरवडा निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेव्हा पिल्ले असतात, दिवस मोठे असतात आणि गर्दी सुरू झालेली नसते.

लिंडिसफार्न बेटाला मात्र ऋतू लागू नाही. त्याची वाट दिवसातून दोनदा भरतीखाली जाते. सुरक्षित वेळांचे तक्ते काउंटी परिषद प्रसिद्ध करते. मुक्काम ठरवण्याआधी ते पाहावेत.