चिरमुऱ्यातली काच आणि भाच्याचे चॉप्स

आमच्या घरी पोर्क चॉप्स म्हणजे रवा फ्राय, दुसरा प्रकार माहीतच नाही. बांगडा असू दे नाहीतर चॉप्स, मीठ-मिरची-आलं-लसूण चोळायचं, रव्यात घोळवायचं आणि तव्यावर टाकायचं. बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोव्याकडच्या मावशींनी बायकोला शिकवलेलं, आणि आपल्याकडं चोर्ला घाट उतरलं की गोवाच, त्यामुळं त्यात नवल काही नाही.

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला, हुबळीहून. चार दिवस पोराला तुमच्याकडं सोडते म्हणाली, आणि पुढं यादी: "दादा, त्याला सीलिअ‍ॅक निघालंय, गव्हाचं काही चालत नाही बघ. चपाती नाही, ब्रेड नाही, मैदा नाही." मी म्हटलं, काळजी नको, आमच्याकडं भाकरी असतेच की, आणि संध्याकाळी झटपट चॉप्स तळू, रव्यातले. पलीकडून दोन सेकंद आवाज नाही. मग, "दादा, रवा कशाचा असतो?"

बारावीला केमिस्ट्री शिकवणारा माणूस मी. रवा गव्हाचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यात रवा म्हणजे रवा, गहू म्हणजे चपाती, असे दोन वेगळे कप्पे झालेले. तुमच्यातल्या निम्म्यांचं तरी असंच असणार.

मग मी हुशारी केली. कर्नाटकात राहतोय, कुठल्याही किराणा दुकानात इडली रवा मिळतो आणि तो तांदळाचा असतो. तोच वापरला. तव्यावर रंग छान आला, वास छान आला. भाच्यानं पहिला घास घेतला, चावला, थांबला आणि मला विचारलं, "मामा, हे खाली वाळूत पडलं होतं काय?"

खरंच तसं लागत होतं. दाताखाली बारीक खडे. हा लेख त्या खड्यांमुळं लिहितोय, कारण रात्री मला झोप येईना. तेल तेच, तवा तोच, गव्हाचा रवा किंवा ब्रेडचा चुरा कुरकुरीत होतो, मग तांदळाच्या रव्याचे खडे का होतात? गव्हातलं ग्लूटेन नाही म्हणून? सगळ्यांना पटकन तसंच वाटतं, आणि ग्लूटेन-फ्री स्वयंपाकाबद्दल सगळीकडं हेच ऐकू येतं, की ग्लूटेन गेलं की कुरकुरीतपणा गेला. साफ चूक आहे हे. तांदळाच्या पिठाच्या डोश्याचं टोक आठवा. तिथं कुठं आहे ग्लूटेन?

आधी ग्लूटेनचं थोडक्यात. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात, पाणी घालून मळलं की ती एकमेकांत अडकून रबरासारखं जाळं तयार होतं, त्याला ग्लूटेन म्हणतात. नाव लॅटिन आहे, अर्थ गोंद. यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेल, की ग्लूटेन हा गोंद असतो, तो आतड्याला चिकटून बसतो आणि सगळे आजार त्यातून होतात. असं काही नाही हो. ग्लायडिनमध्ये प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, आपल्या पोटातल्या कात्र्या, म्हणजे पचनाची एन्झाइम्स, तिथं नीट चालत नाहीत, त्यामुळं काही तुकडे अर्धवट राहतात. बहुतेकांच्या पोटातून ते निमूट निघून जातात. ठरावीक जनुकं असलेल्या काही लोकांत मात्र शरीराची संरक्षण यंत्रणा त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या भांडणात आतड्याच्या आतली मखमलीसारखी झालर सपाट होते. मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. हाच सीलिअ‍ॅक, जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. गव्हाचा संबंध कळला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळं, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, ब्रेड मिळत नव्हता, आणि सीलिअ‍ॅकची मुलं उलट सुधारली, ब्रेड परत आला तशी पुन्हा बिघडली. ज्यांना हा आजार नाही त्यांनी गहू सोडून अंगावर तेज वगैरे येत नाही, पैसे तेवढे जातात.

आणि खपलीचं एकदा बोलूनच टाकतो. आपल्या उत्तर कर्नाटकात खपली गहू पिकतो, कानडीत जवे गोधी, त्याची खीर भारी होते. हल्ली तो "जुना, देशी, ग्लूटेन-फ्री" म्हणून दुप्पट भावानं विकतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, सीलिअ‍ॅकवाल्या पोराला तो देणं म्हणजे विकतचं दुखणं. जुनं आहे म्हणून निरुपद्रवी, हा तर्क धोत्र्याच्या बीला लावून बघा.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडं येतो. कुरकुरीत म्हणजे काय? माझं उत्तर: कुरकुरीत म्हणजे काच, अधिक हवा.

काच म्हणजे खिडकीचीच असं नाही, काच ही पदार्थाची एक अवस्था आहे. रेणू रांगेत बसायच्या आधीच, जसे अस्ताव्यस्त होते तसेच, जागच्या जागी थिजले की काच होते. चिक्की ही साखरेची काच आहे. पाक उकळून पाणी घालवलं, थंड केलं, रेणूंना स्फटिक करायला वेळच मिळाला नाही, थिजले, म्हणून कट्‌कन तुटते. स्टार्चचीही अशीच काच होते. प्रत्येक काचेचं एक तापमान असतं, त्याच्या वर ती नरम, रबरी होते, खाली आली की कडक आणि ठिसूळ. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पूर्ण कोरड्या स्टार्चचं हे तापमान दोनशेच्याही वर असतं, म्हणजे नरम व्हायच्या आत बिचारा जळूनच जाईल. पण त्यात शंभर भागात वीस भाग पाणी शिरलं, तर तेच तापमान उतरून साध्या खोलीच्या तापमानाजवळ येतं.

इतकं कसं उतरतं? कारण पाण्याचं स्वतःचं काच-संक्रमण तापमान उणे १३७ अंशांच्या आसपास आहे. दोन गोष्टी मिसळल्या की मिश्रणाचं तापमान दोघांच्या मध्ये कुठंतरी येतं, पण निम्मं-निम्मं असं सरळ नाही, पाण्याकडं जास्त ओढ असते, आणि ही ओढ मोजायला गॉर्डन आणि टेलर यांचं १९५२ चं एक समीकरण आहे, ते मुळात रबर-प्लास्टिकसाठी होतं, आणि १९८० च्या दशकात लुईस स्लेड आणि हॅरी लेव्हाइन या दोघांनी हीच प्लास्टिकवाली दृष्टी बिस्किट, ब्रेड, स्टार्च यांच्याकडं वळवली, म्हणजे पाणी हे अन्नात प्लास्टिसायझरचं काम करतं, लांबलचक स्टार्चच्या साखळ्यांच्या मध्ये घुसून त्यांना सरकायला जागा करून देतं. बायको म्हणते हा परिच्छेद कोण वाचणार नाही. न वाचू दे. जुलैत डब्याचं झाकण उघडं राहिलं की चिरमुरे सादळतात, तेच हे समीकरण आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण नुसती काच असून भागत नाही. इडली रव्याचा कण हीसुद्धा एक प्रकारची काचच आहे. तो उकड्या तांदळाचा असतो, एकदा शिजून, वाळून, घट्ट झालेला. तव्यावर तीन-चार मिनिटांत त्यात पाणी शिरत नाही, तो फुलत नाही, तसाच भाजतो. भरीव काच म्हणजे खडा. दात जोर लावतो, लावतो, आणि मग एकदम एकच मोठा कडाका. कुरकुरीत पदार्थात तसं होत नाही, तिथं पातळ पातळ भिंती असतात आणि मध्ये हवेची घरं, एक भिंत मोडली की पुढची, की पुढची, आणि प्रत्येक मोडण्याचा बारीक आवाज. कुरकुर हा शब्द कानातून आलाय तो उगाच नाही.

म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात ग्लूटेननं काय काम केलं होतं? कुरकुरीतपणा नाही दिला त्यानं. त्यानं कणीक फुगताना हवा धरून ठेवली, बस्स. ब्रेड भाजून वाळला तेव्हा त्याचं काम संपलं होतं. आपल्याला ग्लूटेनचा पर्याय शोधायचाच नाहीये. ज्यात कुणीतरी आधीच हवा भरून ठेवलीय अशी तांदळाची नाहीतर जोंधळ्याची काच शोधायची आहे.

आणि ती बेळगावात पोत्यानं मिळते. चिरमुरे!

चिरमुऱ्याची भट्टी कधी जवळून बघितलीय का? उकडा तांदूळ मिठाचं पाणी लावून ठेवलेला असतो. उकडलेला असणं महत्त्वाचं, कारण त्याचा स्टार्च आधीच शिजून एकसंध झालेला असतो, कच्चा तांदूळ असा फुलत नाही. कढईत वाळू अडीचशे अंशांच्या आसपास तापलेली. तांदूळ पडला की काही सेकंदांत आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ सोळाशे पट जागा मागते. त्याच क्षणी तांदळातला स्टार्च तापलेला आणि ओलसर, म्हणजे काच-संक्रमणाच्या वर, रबरी. तो फुग्यासारखा ताणला जातो. वाफ निघून गेली की पाणी गेलं, पाणी गेलं की संक्रमणाचं तापमान झपकन वर चढलं, वर दाणा थंडही होतोय, आणि फुगा फुगलेल्या अवस्थेतच थिजला. भट्टीवाला मोठ्या चाळणीनं वाळू गाळतो तेव्हा जो सळसळ आवाज येतो, तो हजारो काचेच्या फुग्यांचा आवाज असतो. नागपंचमीच्या जोंधळ्याच्या लाह्यांचंही जवळपास हेच, फक्त तिथं दाण्याचं साल कुकरचं काम करतं.

तर दुसऱ्या दिवशी, बुधवार होता, शाळा-कॉलेज आटपून सात वाजता सुरू केलं आणि आठच्या आत ताटं लागली. दीड सेंटिमीटर जाडीचे चॉप्स, कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा, नाहीतर ती आकसते आणि तुकडा वाटीसारखा वळतो. मीठ लावून वीस मिनिटं ठेवले आणि मग फडक्यानं अगदी कोरडे पुसले. हे पुसणं चुकवू नका, ओल्या मांसावर आवरण बसत नाही, तळताना खालून वाफ होते आणि सालासारखं सुटून येतं. मग तांदळाच्या पिठाचा पातळ हात, मग आलं-लसूण-मिरी घातलेलं फेटलेलं अंडं. पीठ ओल शोषतं, अंडं तापलं की गोठून पकडतं. मग चिरमुऱ्याचा चुरा, लाटण्यानं केलेला, जाड रव्याएवढा. मिक्सरला लावलात तर पीठ होईल, भिंती मोडल्या, हवा गेली, सगळी मेहनत भट्टीवाल्याची पाण्यात.

कढईत बोटाच्या पेराएवढं तेल, चुऱ्याचा कण टाकला की लगेच सळसळून वर यायला पाहिजे. तेल कोमट असेल तर चिरमुरे ते पिऊन टाकतात, शेवटी स्पंजच तो. तळताना आतून वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत जागा नाही, तेल मुख्यतः शिरतं ते बाहेर काढल्यावर, थंड होताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या जाळीवर उभे ठेवा आणि लगेच टिपा. कागदावर आडवे टाकलेत तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत सादळते.

शिजण्याबद्दल एक. डुकराच्या मांसानं मेंदूत किडा जातो, ही भीती आपल्याकडं घरोघरी आहे. नीट न शिजलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी होऊ शकतो हे खरं, पण मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळं, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, हातावर, कच्च्या भाजीवर येतात. म्हणजे आयुष्यात मटणाला न शिवलेल्या माणसालाही, न धुतलेल्या कोथिंबिरीतून हे होऊ शकतं. अमेरिकेच्या शेतीखात्यानं २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी ७१ अंशांचा नियम ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबणं असा खाली आणला. मी ७० पर्यंत नेतो, पोरं जेवणार म्हणून. लॅबसारखा थर्मामीटर चारेकशे रुपयांत मिळाला, प्रत्येक बाजूला साधारण चार मिनिटं लागली.

आता एक गोष्ट मी जवळजवळ चुकलोच होतो. तांदळाचं पीठ गल्लीतल्या गिरणीतून आणणार होतो. ग्लूटेन-फ्री म्हणायला किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लूटेन धरा, म्हणजे किलोभर तांदळाच्या पिठात चिमूटभर गव्हाचं पीठ पडलं तरी हद्द ओलांडली. आपल्या आधी कुणीतरी गहू दळून गेलेला असतो आणि जात्याच्या पाळीत मूठभर पीठ सहज राहतं. गिरणीवाल्या मामांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "राहतंय की सर, झाडून किती झाडणार?" तांदूळ घरीच मिक्सरला लावले. तसंच हिंग, बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, डबी उलटून वाचा. त्यामुळं मसाल्याचं भडंग चुरून वापरायचा मोह टाळा, साधे चिरमुरेच घ्या. आणि काल रव्यात मासे तळलेलं तेल आज नको.

भाच्यानं पहिला घास घेतला आणि काही बोलला नाही, नुसता कुरकुर कुरकुर आवाज. तिसरा मागितला तेव्हा बायकोनं माझ्याकडं बघितलं, कारण तो माझ्या वाटणीचा होता.

एक चॉप तरी उरला, फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी आवरण वातड झालेलं, मांसातलं पाणी रात्रभरात बाहेर सरकलेलं, काच पुन्हा रबर. तेल न घालता मंद तव्यावर झाकण न ठेवता सहा-सात मिनिटं ठेवला, पाणी उडालं, परत काच. भाचा डब्यात मागत होता, पण बंद डब्यात दुपारपर्यंत त्याचं काय होणार ते मला समीकरणासकट माहीत होतं, म्हणून तिथंच ओट्याशी उभं राहून त्याला खायला लावला.