तांब्याची तार आणि प्रकाशतंतू : दुर्गम भागातील घरगुती ब्रॉडबँड

घरापर्यंत इंटरनेट आणणाऱ्या तारेचे प्रमुख प्रकार दोन : टेलिफोनसाठी टाकलेली तांब्याची जोडतार आणि काचेचा प्रकाशतंतू, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले ‘फायबर’. नाशिक शहरात या दोहोंतील फरक वेगापुरता जाणवतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ आणि पाड्यापाड्यांत विखुरलेल्या तालुक्यांत मात्र जोडणी टिकणार की नाही, हेच त्यावर ठरते.

तांब्याची खरी अडचण अंतराची आहे. एडीएसएल या टेलिफोनच्या तारेवरूनच इंटरनेट देणाऱ्या तंत्रात डेटा आवाजापेक्षा वरच्या वारंवारतांवर जातो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका संकेत तारेत लवकर क्षीण होतो. एडीएसएल २+ चा २४ एमबीपीएस हा कमाल वेग टेलिफोन केंद्राजवळच्या घरांनाच मिळू शकतो; पाच किलोमीटरवर तो एक-दोन एमबीपीएसवर येतो किंवा जोडणीच तुटत राहते. भारतात ब्रॉडबँडसाठी किमान वेग २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. म्हणजे डोंगरापलीकडच्या पाड्यावरची तार धड असली, तरी तिला ब्रॉडबँड म्हणता येईलच असे नाही. त्यात पावसाळा. जोडाच्या पेटीत पाणी शिरले की तांब्यावर हिरवट थर चढतो, फोनवर खरखर येते आणि मोडेमचा ‘डीएसएल’ दिवा स्थिर न राहता लुकलुकत बसतो.

प्रकाशतंतूवरील जीपॉन या एकच तंतू अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीत एका तंतूतून ग्राहकांच्या दिशेने सुमारे २.५ जीबीपीएस वेग मिळतो आणि तो सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. पल्ला सुमारे २० किलोमीटर. वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे प्रकाश अनेक तंतूंत विभागणाऱ्या भागाला, वीज लागत नाही आणि काचेतून विजेचा लोळही वाहत नाही. दुर्गम भागासाठी हे गुण वेगाहून मोलाचे आहेत. खर्च तारेपेक्षा खोदाईचा जास्त असतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात चर खणणे महाग पडते, म्हणून विजेच्या खांबांवरून केबल ओढणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

फायबरची बाजू एका ठिकाणी लंगडी आहे. जुन्या फोनला केंद्राकडून ४८ व्होल्टचा पुरवठा होई, त्यामुळे गावात वीज नसतानाही तो चालत असे. फायबरच्या घरातील ओएनटीला, म्हणजे तंतू जिथे संपतो त्या मोडेमसारख्या पेटीला, मात्र घरचीच वीज लागते. दुरुस्तीचेही तसेच. तुटलेले तांबे लाइनमन पक्कड घेऊन पिळून जोडतो, तर १२५ मायक्रॉन जाडीच्या काचेची टोके सरळ छाटून स्प्लायसिंग यंत्रातील विद्युत ठिणगीने वितळवावी लागतात. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, की ओएनटीवर लाल दिवा लागतो आणि यंत्र व कुशल माणूस येईपर्यंत तो तसाच राहतो. यंत्र नाशिकलाच असेल तर पाड्याने वाट पाहत राहायचे, हे न्याय्य नाही. तालुक्याच्या ठिकाणी ते ठेवण्याचा खर्च मूळ योजनेतच धरायला हवा.

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे त्याचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. त्याचे पहिले लक्ष्य ग्रामपंचायत होते, घर नव्हे, आणि इथे एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात. २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायती वलयाकार मार्गाने जोडण्याची तरतूद आहे, जेणेकरून एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. पंचायतीपासून पाड्यापर्यंतची तार एकेरीच राहिली, तर हा आधार तिथवर पोहोचत नाही.