सेंद्रिय वेगळं, शाश्वत वेगळं

शाळेत सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलेल्यांना आठवत असेल: कार्बनची बहुतेक संयुगं म्हणजे सेंद्रिय संयुगं. त्या अर्थानं प्लॅस्टिकची पिशवी सेंद्रिय आणि बहुतेक कृत्रिम कीटकनाशकंही सेंद्रियच. पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापलेलं असतं तेव्हा मात्र नेमकं उलटं सांगायचं असतं, की यात ती कीटकनाशकं वापरलेली नाहीत. ‘सस्टेनेबल’चीही तीच गत. त्याला आपण कधी शाश्वत म्हणतो, कधी टिकाऊ. पण टिकाऊ तर प्लॅस्टिकही असतं. वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि तीच तर अडचण आहे. शब्दच असे निसरडे, त्यामुळे सेंद्रिय म्हणजे आपोआप शाश्वत असं अनेकांना मनापासून वाटतं.

सेंद्रिय हा पिकवण्याचा नियम आहे. शेतात काय घालायचं, काय घालायचं नाही, हे तो ठरवतो. शाश्वत हा हिशेब आहे. ही वस्तू याच रीतीनं बनवत आणि वापरत राहिलो, तर माती, पाणी, हवा आणि ती पिकवणारी माणसं तग धरतील का? संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं 1987 साली शाश्वत विकासाची व्याख्या केली ती याच अंगानं: पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास.

नियम तपासता येतो, ही सेंद्रियची मोठी ताकद. कृत्रिम खतं, कृत्रिम कीटकनाशकं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं बंद. अमेरिकेच्या नियमानुसार काढणीआधी 3 वर्षं त्या जमिनीवर बंदी असलेला कुठलाही पदार्थ पडलेला नसावा लागतो. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान 2 वर्षं. प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थावर ‘सेंद्रिय’ लिहायचं, तर दोन्हीकडे शेतीतून आलेले किमान 95 टक्के घटक सेंद्रिय हवेत. निरीक्षक शेतावर येतो, नोंदवह्या तपासतो. ‘नैसर्गिक’ या शब्दामागे सहसा असं काहीच उभं नसतं, म्हणून त्यावर मी विसंबत नाही.

या नियमानं काय साधतं, ते एका ढेकळात दिसतं. वर्षानुवर्षं शेणखत, हिरवळीचं खत आणि पिकांची फेरपालट मिळालेल्या शेतातलं एक वाळलेलं ढेकूळ घ्या. दुसरं सतत नांगरलेल्या आणि फक्त गोणीतल्या खतावर चाललेल्या शेतातलं. दोन्ही ढेकळं जाळीवर ठेवून पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. दुसऱ्याचे कडेनं पापुद्रे सुटू लागतात आणि काही मिनिटांत ते ढासळून पाणी गढूळ होतं. पहिलं बहुधा तसंच राहतं, कारण त्याचे कण मुळं, बुरशीचे धागे आणि गांडुळांची विष्ठा यांनी एकमेकांना चिकटलेले असतात. ग्लासात घडलं तेच पावसात शेतावर घडतं. एकीकडे पाणी मुरतं. दुसरीकडे माती आणि तिच्यासोबत खत वाहत ओढ्यात जातं. त्या खतावर शेवाळ माजतं, शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

जीवसृष्टीलाही फायदा होतो. सेंद्रिय शेतांवर वनस्पती, कीटक, पक्षी यांच्या प्रजाती सरासरी 30 टक्क्यांनी जास्त आढळल्या आहेत. खाणाऱ्याच्या वाट्याला काय येतं? कीटकनाशकांचे अवशेष कमी, हे नक्की. पोषणात मात्र म्हणावा तसा फरक नाही. माझ्या मते सेंद्रिय निवडण्याचं सर्वात मोठं कारण ताटापर्यंत येतच नाही. पंप पाठीवर घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाच्या श्वासात आणि कातडीत ते औषध सगळ्यात आधी जातं. त्याच्यासाठी सेंद्रिय निवडणं मला योग्य वाटतं.

तरीही हिशेब इथं पुरा होत नाही. सेंद्रिय शेतीतही फवारणी असते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बुरशीवर चालतं, पण त्यातलं तांबं हे मूलद्रव्य आहे. त्याचं विघटन होत नाही, ते मातीत साठत राहतं. म्हणूनच युरोपीय संघानं 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबं अशी मर्यादा घातली आहे. उत्पादनही सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास कमी येतं, म्हणजे तेवढ्याच धान्याला जास्त जमीन. ती जमीन जंगल तोडून मिळवली, तर कमावलेलं सगळं तिथंच गेलं. आणि इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातला टोमॅटो विमानानं आला, तरी त्यावरचा सेंद्रियचा शिक्का सहसा तसाच राहतो.

दोन्ही शब्दांची पूर्ण फारकत पाहायची असेल, तर समुद्रातला मासा पाहा. त्यानं काय खाल्लं यावर कुणाचा ताबा नाही, म्हणून युरोपीय कायद्यात पकडलेला रानटी मासा सेंद्रिय ठरूच शकत नाही. पण वाढीच्या वेगापेक्षा कमी मासे धरले, पिल्लं सोडून दिली, तर तीच मासेमारी शाश्वत ठरते.

कापडी पिशवीचं उदाहरण याहून बोलकं आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 साली निरनिराळ्या पिशव्यांचा जन्मापासून शेवटपर्यंतचा हिशेब मांडला. फक्त हवामानावरचा परिणाम धरला, तर सेंद्रिय कापसाची पिशवी 149 वेळा वापरली तेव्हा ती दुकानातल्या एका साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. साध्या कापसाची 52 वेळांतच. सेंद्रिय कापसाचं उत्पादन कमी धरलं होतं, हे आकडा असा उलटा होण्याचं एक कारण. या अभ्यासात उघड्यावर पडलेल्या प्लॅस्टिकचं नुकसान धरलेलं नव्हतं, त्यामुळे प्लॅस्टिक बरं असा अर्थ काढू नये. पण प्रत्येक समारंभात मिळालेली नवी सेंद्रिय पिशवी कपाटात रचून ठेवली, तर ती शाश्वत होत नाही, हे मात्र खरं. आहे तीच पिशवी शिवून, धुऊन वापरणं बरं.

शिक्का वाचताना ‘सेंद्रिय’ शब्दाशेजारी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव किंवा क्रमांक शोधावा. ‘शाश्वत’, ‘इको-फ्रेंडली’, ‘हरित’ दिसलं तर विचारावं: कशात? पाणी किती वाचलं, वेष्टन कशाचं आहे, वस्तू दुरुस्त होते का? उत्तर नसेल तर तो नुसता शब्द आहे. युरोपीय संघात 27 सप्टेंबर 2026 पासून असे पुराव्याशिवायचे मोघम दावे वस्तूंवर करता येणार नाहीत.

आणि एक हिशेब कुठल्याच शिक्क्यावर नसतो. 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. कुणीतरी 3 वर्षं जमीन सावरून पिकवलेली पालेभाजीची जुडी फ्रिजच्या तळाच्या खणात, पिशवीतच, काळी पडून चिकट होते. तिची माती, पाणी, निंदणीचे हात, सगळं तिच्याबरोबर कचऱ्यात जातं. कचऱ्याच्या ढिगाखाली हवा न मिळता कुजताना तिच्यातून मिथेन निघतो, सेंद्रिय असो वा नसो.