होमटाउन रिक्रूटर असिस्टन्स (अमेरिकी सैन्य)

ट्रेनिंग नुकतंच संपवलेल्या सैनिकाला थोड्या दिवसांसाठी त्याच्या स्वतःच्या गावी पाठवायचं आणि तिथल्या भरती ऑफिसच्या हाताखाली कामाला लावायचं, याला अमेरिकेत होमटाउन रिक्रूटर असिस्टन्स म्हणतात. हेतू सरळ आहे, त्याला बघून त्याच्या ओळखीतली पोरंपोरी सैन्यात यायचा विचार करतील. आर्मीत याचं बोलीतलं नाव एचरॅप, नेव्हीत हार्प, एअर फोर्समध्ये रॅप आणि मरीन (जहाजातून उतरून लढणारं वेगळं दल) लोक नुसतं आरए म्हणतात. नावं वेगळी असली तरी पद्धत थोड्याफार फरकाने तीच.

आर्मीचं घ्या. पोरगा आधी बेसिक ट्रेनिंग करतो, मग आपल्या ट्रेडचं, म्हणजे सैन्यातल्या नेमून दिलेल्या कामाचं, ट्रेनिंग करतो आणि ते संपलं की पहिल्या पोस्टिंगवर जायच्या आधी एचरॅपसाठी अर्ज करू शकतो. मंजूर झालं तर साधारण १४ दिवसांपर्यंत गावी राहता येतं आणि हे दिवस रजेतून कापले जात नाहीत. यातलं आकर्षण कळायला रजेचा हिशोब माहीत पाहिजे, अमेरिकी सैनिकाला महिन्याला अडीच दिवस म्हणजे वर्षाला ३० दिवस रजा जमा होते, त्यामुळे पाच-सहा महिन्यांच्या नव्या शिपायाच्या खात्यात जेमतेम १२-१५ दिवस असतात आणि ते खर्च न करता घरी राहायला मिळणं ही त्याच्यासाठी खूप मोठी गोष्ट असते. पगार चालू राहतो, पण या ड्युटीचा प्रवासखर्च किंवा भत्ता मिळत नाही. राहायचं घरी, जेवायचं आईच्या हातचं, आणि कामाच्या दिवशी सकाळी भरती ऑफिसला हजेरी लावायची.

मरीनमध्ये हे अजून लवकर होतं. पॅरिस आयलंड किंवा सॅन दिएगोचं १३ आठवड्यांचं बूट कॅम्प, म्हणजे पहिलं ट्रेनिंग, संपलं की साधारण १० दिवस सुट्टी मिळते आणि त्यालाच जोडून आरए मिळू शकतं. म्हणजे गावातून गेलेलं पोरगं तीन महिन्यांनी परत येतं तेच पूर्ण बदललेलं, केस कापलेले, पाठ ताठ, आणि लोक थांबून बघतात.

आता हा सैनिक तिथे नेमकं करतो काय? बऱ्याचदा पहिलं काम म्हणजे स्वतःची शाळा. अमेरिकेत हायस्कूलच्या कॅन्टीनबाहेर जेवणाच्या सुट्टीत रिक्रूटर, म्हणजे भरतीचं काम करणारा सैनिक, टेबल मांडून बसतो, टेबलावर माहितीपत्रकं, पेनं, पाण्याच्या बाटल्या, आणि मरीनचं टेबल असेल तर शेजारी पुलअप्सचा बार हमखास. रिक्रूटर तिशीतला, दुसऱ्याच राज्यातून बदली होऊन आलेला, पोरं त्याच्याकडे बघून निघून जातात. पण त्याच्याशेजारी गेल्या वर्षी याच कॅन्टीनमध्ये जेवणारा, फुटबॉल टीममधला पोरगा युनिफॉर्ममध्ये उभा असेल तर घोळका जमतो. मग जे प्रश्न रिक्रूटरला कोणी विचारत नाही ते सगळे बाहेर येतात. ओरडतात का खरंच, जेवायला किती वेळ देतात, मोबाईल कधी मिळतो, रडलास का. माझ्या मते या योजनेची सगळी ताकद या पाच मिनिटांत आहे, टीव्हीवरच्या जाहिरातीला हे कधीच जमणार नाही.

शाळेशिवाय जिम, चर्च, मॉल, जुन्या मित्रांचे अड्डे, सगळीकडे तो रिक्रूटरला घेऊन फिरतो, कोण काय करतंय, कोणाला कॉलेजची फी झेपत नाहीये हे त्याला माहीत असतं. मात्र त्याचे अधिकार फार थोडे. कागदपत्रं करणं, बोनस किंवा ट्रेडचा शब्द देणं हे त्याचं काम नाही, त्यासाठी शिकून आलेला रिक्रूटर लागतो.

ही गरज मुळात आली सक्तीची भरती बंद झाल्यामुळे. १९७३ साली अमेरिकेने व्हिएतनामनंतर ड्राफ्ट बंद केला आणि तेव्हापासून प्रत्येक सैनिक आपणहून यावा लागतो. चांगल्या काळात ते जमतं, पण २००५ साली इराक युद्ध पेटलेलं असताना आर्मीचं ८०,००० चं टार्गेट होतं आणि मिळाले ७३,००० च्या आसपास. २०२२ मध्ये तर ६०,००० च्या टार्गेटला जवळपास १५,००० कमी पडले. लठ्ठपणा, आधी घेतलेली औषधं, ड्रग्ज, पोलीस केस असं सगळं वजा केलं तर १७ ते २४ वयातले फक्त २३ टक्केच कुठलीही सूट न घेता पात्र ठरतात असं पेंटागॉनचाच अभ्यास सांगतो. अशा वेळी ओळखीचा चेहरा सोन्यासारखा वाटणारच.

एक गोष्ट मला खटकते ती सांगितलीच पाहिजे. ट्रेनिंगहून थेट आलेल्या पोराने सैन्य पाहिलेलंच नसतं, त्याने फक्त ट्रेनिंग पाहिलेलं असतं. त्याचा उत्साह शंभर टक्के खरा, पण युनिटमधलं रोजचं आयुष्य, घरापासून लांब काढलेलं वर्ष, लढाई, यातलं त्याला काही ठाऊक नसतं आणि समोरचा १७ वर्षांचा मुलगा त्याच्यावर रिक्रूटरपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. १७ व्या वर्षी सही करायला आईवडिलांची संमती लागते, आणि आई विचारते ते प्रश्न वेगळेच असतात. इराक-अफगाणिस्तानच्या काळात आर्मीने तिथून परतलेल्या सैनिकांनाही अशाच ड्युटीवर घरी पाठवायला सुरुवात केली, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.

ओळखीला पैसे जोडले की काय होतं हे नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याराज्यांतल्या अर्धवेळ सैन्याने, पाहिलं. २००५ साली तिथे जीरॅप नावाची वेगळी योजना आली, त्यात एक माणूस भरती करून दिला की २,००० डॉलर मिळायचे. माणसं भरपूर आली, पण रिक्रूटरना आधीच माहीत असलेल्या उमेदवारांची नावं वापरून पैसे उचलल्याच्या तक्रारी झाल्या, २०१२ मध्ये योजना बंद पडली आणि २०१४ मध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली. वाईट म्हणजे त्या तपासात ज्यांची चूक नव्हती असे बरेच सैनिकही अडकले आणि त्यांच्या नोकऱ्या, बढत्या अडल्या, शेवटी २०२२ मध्ये आर्मीला सुमारे १,९०० केसेस पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या. एचरॅपमध्ये माणसामागे असे पैसे नाहीत. २०२३ पासून आर्मीने ओळखीतून माणूस आणणाऱ्याला छातीवर लावायची रिबन आणि खालच्या रँकवर असेल तर बढती द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश काळात पलटणी आपली माणसं आपल्याच भागात पाठवून रंगरूट गोळा करायच्या, आणि रजेवर गेलेला शिपाई परतताना भावाला, चुलतभावाला सोबत घेऊन यायचा. साताऱ्याचं अपशिंगे याच ओढीतून अपशिंगे मिलिटरी झालं, पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. आज भारतीय सैन्याला कोणाला मुद्दाम गावी पाठवायची गरज नाही, भरतीच्या मैदानाबाहेर रात्रीपासून पोरं बसलेली असतात. तरी सुट्टीवर आलेला फौजी पहाटे पाचला गावातल्या पोरांना डांबरी रस्त्यावर पळवतोच, हातात मोबाईलचं घड्याळ, १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसले पाहिजेत म्हणून मागून ओरडत.