लाल झेंडा उतरल्यावर: सोव्हिएत ज्यू ज्येष्ठांच्या मनाची पार्श्वभूमी

क्रेमलिनवरचा लाल झेंडा २५ डिसेंबर १९९१ला उतरला, तेव्हा १९२०च्या दशकात जन्मलेले सोव्हिएत ज्यू साठी-सत्तरीत होते. साम्यवाद गेल्याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, याचं उत्तर एका शब्दात मिळत नाही. ज्या सत्तेनं त्यांच्यावर जन्मभराचा शिक्का मारला, त्याच सत्तेच्या फौजेनं त्यांना हिटलरच्या तावडीतून सोडवलं होतं.

झारच्या काळात बहुतेक ज्यूंना साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्याबाहेर राहायला बंदी होती आणि विद्यापीठात त्यांच्या जागा मोजून ठेवलेल्या असत. १९१७मध्ये ही बंधनं गेली. छोट्या गावांतल्या शिंप्यांची, दुकानदारांची मुलं मॉस्को-लेनिनग्राडला जाऊन डॉक्टर, इंजिनियर झाली. या पिढीनं क्रांतीवर जीव टाकला त्याला भाबडेपणा म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना त्यातून खरोखर काही मिळालं होतं. यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, शाळा आणि नाटक मंडळ्या काही वर्षं सरकारी खर्चानं चालल्या. हिब्रू शिकवण्याला मात्र थारा नव्हता आणि सिनेगॉगना, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांना, एकामागून एक कुलपं लागत गेली.

मग १९३२च्या डिसेंबरात अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातल्या देशात लागणारं ओळखपत्र, आला. त्यात राष्ट्रीयत्वाचा रकाना होता आणि सोव्हिएत हिशेबात ‘ज्यू’ हे राष्ट्रीयत्व होतं, धर्म नव्हे. सोळाव्या वर्षी पासपोर्ट हातात पडे. आई-वडील दोघंही ज्यू असतील तर मुलाला तिथे दुसरं काही लिहून घेता येत नसे. एकच असेल तर दोघांपैकी एकाचं राष्ट्रीयत्व निवडता येई. नोकरीच्या फॉर्मवर हाच प्रश्न पाचव्या क्रमांकावर असायचा, म्हणून सगळे त्याला ‘पाचवा रकाना’ म्हणत. देव न मानणारा, यिडिशचा एक शब्दही न येणारा माणूस या रकान्यामुळे शेवटपर्यंत ज्यू राहिला. १९७०च्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात ज्यू मुलांना तोंडी परीक्षेला मुद्दाम अशी गणितं घालत, की हुशार मुलालाही ती दिलेल्या वेळात सुटू नयेत.

युद्धाची आठवण तर याहून गुंतागुंतीची आहे. किएव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. जर्मन यायच्या आधी सुटलेल्या रेल्वेगाड्यांत जे चढू शकले ते उरल किंवा ताश्कंदकडे गेले, म्हणून जगले. लाल सेनेत सुमारे पाच लाख ज्यू लढले. पण १९७६मध्ये बाबी यारला सरकारी स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्यावर ‘सोव्हिएत नागरिक’ आणि युद्धकैदी आले. ज्यू हा शब्द नव्हता. मधल्या काळात स्टालिननं नटश्रेष्ठ सोलोमन मिखोएल्स यांना १९४८मध्ये मारवलं आणि १२ ऑगस्ट १९५२ला यिडिश लेखकांसह तेरा जणांना मृत्युदंड दिला गेला. १३ जानेवारी १९५३ला वर्तमानपत्रांत बातमी आली, की डॉक्टरांनी नेत्यांना मारण्याचा कट केला. नावं बहुतेक ज्यू. ५ मार्चला स्टालिन मेला आणि महिन्याभरात कट खोटा असल्याचं जाहीर झालं. पण त्या आठवड्यांत रुग्ण ज्यू डॉक्टरांच्या हातचं औषध घ्यायला कचरत होते. हे ज्यांनी भोगलं, त्यांच्या मनातून ते कधीच गेलं नाही.

१९९१मध्ये बाबी यारला मेनोरा, म्हणजे सात शाखांची ज्यू समई, उभी राहिली. रशियाच्या १९९७च्या नव्या पासपोर्टमधून राष्ट्रीयत्वाचा रकाना गेला. सिनेगॉगं उघडली. त्याच मोकळीकीत ‘पाम्यात’सारख्या संघटनाही उघडपणे ज्यूंविरुद्ध बोलू लागल्या. दारं उघडली तशी तरुण मंडळी निघाली. १९९० या एका वर्षात सुमारे १,८५,००० लोक सोव्हिएत संघातून इस्रायलला पोहोचले. मुलं गेली, म्हातारे बरेचदा मागे राहिले.

आणि नेमकं तेव्हाच पैशाचं मोल गेलं. रशियानं २ जानेवारी १९९२ला भाव मोकळे सोडले आणि त्या वर्षात किमती वीसपटीहून अधिक वाढल्या. युक्रेनमध्ये १९९३ची महागाई १०,००० टक्क्यांवर गेली. १९९६मध्ये रिव्निया हे नवं चलन आलं तेव्हा एका रिव्नियासाठी एक लाख जुने कार्बोव्हानेत्स मोजावे लागले. चाळीस वर्षं कारखान्यात, दवाखान्यात राबून सरकारी बचत बँकेत ठेवलेला पैसा भाजी-पावाच्याही कामाचा उरला नाही. पेन्शन हाती आलं तरी औषध की जेवण, असा प्रश्न पडे. ‘ब्रेझनेवच्या काळात बरं होतं’ असं कुणी म्हातारा जुन्या सोव्हिएत नेत्याचं नाव घेऊन म्हणतो, तेव्हा तो बंद सिनेगॉगची बाजू घेत नसतो. आपल्या घामाचे पैसे कुठे गेले, हे तो विचारत असतो, आणि तो प्रश्न मला पूर्ण रास्त वाटतो.

ही पोकळी काही अंशी भरली ती ‘हेसेद’ केंद्रांनी. पहिलं केंद्र १९९३मध्ये सेंट पीटर्सबर्गला सुरू झालं. त्यामागे होती ‘जॉइंट’ ही अमेरिकन ज्यू मदत संस्था. १९३८मध्ये स्टालिनच्या राजवटीनं तिला देशाबाहेर काढलं होतं. ऐंशीच्या दशकाअखेरीस ती परतली. मुंबईच्या बेने इस्रायल समाजातही ती काम करते. शिध्याच्या पिशव्या, गरम जेवण, चालायला आधाराची चौकट, घरी येऊन आंघोळ घालणारी बाई: हेसेदचं काम असं होतं. ज्या रकान्यामुळे वर्षानुवर्षं दारं बंद झाली, तोच आता मदतीसाठी दाखवायचा पुरावा ठरला.

नाझींच्या अत्याचारांबद्दल जर्मनी देत असलेली भरपाईही या लोकांना उशिराच मिळाली. पश्चिमेकडच्या वाचलेल्या ज्यूंना ती १९५०च्या दशकापासून मिळत होती. पोलादी पडद्याआडच्या, म्हणजे साम्यवादी देशांतल्या ज्यूंना नियमित पेन्शनसाठी १९९८च्या कराराची वाट पाहावी लागली. तोवर कितीतरी जण गेले होते.

इस्रायलला गेलेले म्हातारे ९ मे रोजी, नाझी जर्मनीवरच्या विजयाच्या दिवशी, पदकं लावून संचलनाला उभे राहत. २०१७मध्ये तिथल्या संसदेनं तो दिवस कायद्यानं मान्य केला. मागे युक्रेनमध्ये राहिलेल्यांवर २०२२मध्ये पुन्हा बॉम्ब पडू लागले, आणि या वेळी ते रशियन होते. अंथरुणाला खिळलेल्या ज्यू वृद्धांना रुग्णवाहिकांतून पोलंडमार्गे बाहेर काढून जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत नेण्यात आलं. त्यातले काही जण लहानपणी त्याच जर्मनीच्या सैन्यापुढून पूर्वेकडे पळाले होते.