जुनी पत्रिका का उघडत नाही? मराठी फॉन्टच्या कुलपामागचा इतिहास

सोलापुरात लग्नपत्रिका छापायची तर घर बघून मराठीसोबत तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दूपण लागते, त्यामुळे इथल्या डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडणाऱ्यांना, फॉन्टचं दुखणं चांगलंच माहितीय. जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नवरा-नवरीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर असलं कायतरी दिसतं आणि मग सगळा मजकूर परत टाइप करत बसा.

खरंतर १९९१ मध्येच भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं, कुठल्या अक्षराला कॉम्प्युटरमध्ये कुठला नंबर ते ठरवणारं सरकारी स्टँडर्ड आलं होतं, त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांना असेच नंबर देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातपण देवनागरी होती. पण तेव्हाच्या पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरला हे काही कळायचं नाही, म्हणून फॉन्ट कंपन्यांनी जुगाड केला, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर कुणी अर्धा क बसवला, कुणी काना, कुणी वेलांटी, आणि कुठं काय बसवलंय ते प्रत्येकाचं वेगळं. वर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची किल्लीसारखी डबी, लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही. कंपन्यांनी मेहनत घेतली, पैसे घ्यावेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मजकूर आपला आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे काही बरोबर नव्हतं.

तिकडं अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मध्ये ग्नू प्रोजेक्ट, म्हणजे सगळ्यांना खुलं सॉफ्टवेअर बनवायचं काम, जाहीर केला होता, १९८९ मध्ये जीपीएल लायसन्स आलं, म्हणजे वापरा, बदला, वाटा, फक्त पुढच्यालापण तोच हक्क द्या. त्याच जीपीएलखाली २००४ मध्ये रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीनी भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट खुले केले. नंतर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी मुक्ता, बालू असे देखणे फॉन्ट ओपन लायसन्सवर दिले, आज कुणीपण फुकट उतरवून पत्रिकेत वापरू शकतं. आणि ‘वऱ्हाडी’ मधला तो ऱ्ह नीट जुळवून दाखवणारं हार्फबझ हे सॉफ्टवेअरपण ओपन सोर्सच, म्हणजे असंच खुलं, अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांत तेच आहे, आपल्याला नाव माहिती नसतं एवढंच.

छपाईत मात्र जुने फॉन्ट अजून चालतात कारण वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच आहेत, आणि जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या तरी प्रूफ वाचावंच लागतं. आता लोक बोलून टाइप करायला लागलेत, मग मराठी आवाजाचा डेटा कुणाकडे राहणार हा पुढचा मुद्दा आहे. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करायच्या प्रकल्पात मराठी आहे, तिथं वाक्य वाचून आपला आवाज देता येतो आणि तो डेटा सगळ्यांना खुला असतो, आपल्या सोलापुरी बोलीतले आवाज त्यात जायलाच पाहिजेत.